विमानप्रवासासाठी कॅमेऱ्याची बॅग: आधी काटा, मग दुकान

कॅमेऱ्याची बॅग घेताना बहुतेक जण एकच क्रम धरतात. बॅग आवडते, ती घरी येते, असेल नसेल ते सगळं सामान तिच्यात कोंबलं जातं आणि मग विमानतळावरच्या काउंटरवर कळतं की भरलेली बॅग साडेआठ किलोची आहे. तिथे सुरू होते कसरत: जॅकेटच्या खिशात लेन्स, गळ्यात दोन कॅमेरे, आणि मागे रांगेतली माणसं घड्याळाकडे बघतायत.

हा क्रम उलटा करायचा आहे. बॅग सगळ्यात शेवटी घ्यायची. पुढे उदाहरणासाठी मी पुणे–नागपूर विमान आणि तिथून गाडीने ताडोबा हा प्रवास धरलाय. वाघांच्या फोटोसाठी निघालेला माणूस मोठी लेन्स नेतो आणि वजनाचं गणित तिथेच बिघडतं. तुम्ही लग्नाचं शूटिंग करायला निघाला असाल तरी पायऱ्या याच.

१. तिकिटातला सगळ्यात अडचणीचा टप्पा शोधा

प्रवासात दोन-तीन विमानं असतील तर नियम सगळ्यात कडक कंपनीचा आणि सगळ्यात लहान विमानाचा धरायचा. मुंबईहून निघणारं मोठं विमान कितीही ऐसपैस असो, पुढचं एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर बॅग एटीआरच्या मापाची हवी.

देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते. मापं मात्र सारखी नसतात आणि लोक फसतात ते इथेच. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, एअर इंडियाचं ५५ × ४० × २०. म्हणजे एकीकडे रुंदी कमी, दुसरीकडे जाडी कमी. दोन्हींकडे चालायची असेल तर ५५ × ३५ × २० याच चौकटीत बसणारी बॅग बघा. दुकानदार ‘केबिन साइझ आहे’ म्हणतो तेव्हा कुठल्या कंपनीचा, हे त्यालाही ठाऊक नसतं.

परदेशी जाणार असाल तर आकडे पुन्हा बदलतात. लुफ्तान्सा इकॉनॉमीत ८ किलो आणि ५५ × ४० × २३ देते. केनियात नैरोबीहून मसाई माराला जाणारी छोटी विमानं तर हातातलं आणि विमानाच्या पोटात जाणारं सगळं सामान मिळून १५ किलोच नेऊ देतात, तेही मऊ बॅगेत. कडक खोक्याची किंवा चाकांची बॅग तिथे अडते.

तपासा: हे आकडे बदलत राहतात. तिकीट काढल्यावर एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी एकदा, कंपनीच्या पानावर स्वतः बघा. मित्राने गेल्या वर्षी नेली होती, हा पुरावा काउंटरवर चालत नाही.

२. सामान तोला, अंदाज करू नका

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), बॅटरी, चार्जर यांच्यासाठी उत्तम. मोठ्या लेन्ससाठी आणि भरलेल्या बॅगेसाठी हूकचा लगेज काटा घ्या. नवा काटा खरा बोलतो का, हे पाच किलोची सीलबंद तांदळाची पिशवी लटकवून बघा. (रद्दीवाल्याच्या काट्यावर विसंबणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांची बॅग घरी सहा किलोची होती.)

प्रत्येक वस्तू वापरताना जशी असते तशीच तोलायची: बॉडीत बॅटरी आणि कार्ड, लेन्सला हूड (पुढची सावली धरणारी कडी), दोन्ही टोप्या, ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी). कंपनीच्या पत्रकातलं वजन बहुधा यातलं काहीतरी वगळून दिलेलं असतं.

ताडोबासाठी एक नमुना यादी बघा:

- निकॉन झेड ८, बॅटरी-कार्डासकट: ९१० ग्रॅम
- दुसरी बॉडी, झेड ६ टू: ७०५ ग्रॅम
- १८०-६०० एमएम लेन्स, कॉलरसकट: २१४० ग्रॅम
- २४-१२० एमएम लेन्स: ६३० ग्रॅम
- चार जादा बॅटऱ्या, प्रत्येकी सुमारे ८० ग्रॅम: ३२० ग्रॅम
- पट्टे, हूड, टोप्या, पुसायचं कापड: धरा २५० ग्रॅम

बेरीज ४९५५ ग्रॅम. पाच किलोच म्हणा. सातातून पाच गेले, उरले दोन. त्यातलेही दोनशे ग्रॅम काट्याच्या फरकासाठी मोकळे सोडायचे. म्हणजे रिकामी बॅग जास्तीत जास्त १.८ किलोची असली पाहिजे. आता दुकानात शिरलात तर पहिला प्रश्न तयार आहे.

सावधान: यादी करताना ‘असू दे, लागेल’ म्हणून टाकलेली ५० एमएमची लेन्स, फ्लॅश, तिसरा फिल्टर, हे सगळं आत्ताच बाहेर काढा. सफारीच्या जिप्सीत फ्लॅश काढायचाच नसतो. मग तो विमानात कशाला?

३. बॅगेचं रिकामं वजन ही पहिली चाळणी

जाड फोम, सोळा पट्टे, लॅपटॉपचा कप्पा, चार बाजूंना चेन, हे सगळं दुकानात भारी दिसतं. कॅमेऱ्याच्या तगड्या सॅक अडीच-पावणेतीन किलोपर्यंत सहज जातात. वरच्या यादीला अशी पावणेतीन किलोची बॅग लावली की एकूण पावणेआठ किलो. बॅग उत्तम असेल, पण या प्रवासाची नाही.

कडक पेट्यांचं तर विचारूच नका. पेलिकनची १५१० ही पेटी केबिनच्या मापात बसते म्हणून लोक खूश होतात. पण फोमसकट तीच सहा किलोच्या आसपास आहे. सात किलोच्या मर्यादेत तिच्यात एक बॉडी मावेल, लेन्स शेजाऱ्याकडे द्यावी लागेल. बिझनेस क्लासने जाणाऱ्यांनी किंवा वेगळी परवानगी घेतलेल्यांनीच तिच्या वाटेला जावं.

चाकांची ट्रॉली पाठ वाचवते हे खरं, पण चाकं आणि ओढायचा दांडा मिळून चांगलंच वजन खातात. शिवाय रिसॉर्टच्या मुरमाड वाटेवर ती ओढताना आतल्या लेन्सना बसणारे हादरे ऐकूनच पोटात गोळा येतो. सात किलोच्या प्रवासाला पाठीवरची सॅकच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र हा हट्ट सोडा, एक लेन्स कमी करा आणि ट्रॉली घ्या.

एक स्वस्त वाट मी वर्षानुवर्षं वापरतोय. साधी, हलकी, चांगल्या शिलाईची प्रवासी सॅक घ्यायची आणि आत वेगळा मिळणारा गादीचा डबा ठेवायचा. त्याला दुकानात ‘कॅमेरा इन्सर्ट’ किंवा ‘क्यूब’ म्हणतात. दोन्ही मिळून दीड किलोच्या आत बसवता येतं. पाऊस आणि धूळ तितकीशी अडत नाही, हा तोटा. फायदा पुढे सहाव्या पायरीत कळेल.

४. मापं भरलेल्या बॅगेची घ्या

रिकामी बॅग जाडीला वीस सेंटिमीटर असते. पुढच्या खिशात जॅकेट आणि बाजूला पाण्याची बाटली गेली की तीच सव्वीस होते. काउंटरजवळच्या लोखंडी चौकटीला भरलेली बॅग लागते.

घरी ही चौकट करून बघा. फ्रिजचा किंवा टीव्हीचा जुना खोका कापून ३५ × २० सेंटिमीटरची खिडकी करा. भरलेली बॅग उभी धरून तिच्यातून सरकवा. ढकलावी लागली तर ती बसत नाही असंच समजा.

आतलं माप बाहेरच्यापेक्षा वेगळं असतं. १८०-६०० ही लेन्स साडेएकतीस सेंटिमीटर लांब आणि अकरा सेंटिमीटर रुंद आहे. हूड उलटा लावला की रुंदी आणखी वाढते. बॉडी लावून ठेवायची असेल तर आतून चाळीस सेंटिमीटरच्या वर लांब सरळ कप्पा हवा. गेटवर बॅग खाली ठेवून लेन्स-बॉडी जोडत बसणं टाळायचं असेल तर हे माप महत्त्वाचं. विमानात मात्र मी मोठी लेन्स बॉडीवरून काढूनच ठेवतो. वरच्या कप्प्यात कोणी बॅग आदळली तर ताण माउंटवर, म्हणजे लेन्स-बॉडीच्या जोडावर येतो.

तपासा: आतले आडवे-उभे डिव्हायडर (कप्पे पाडणाऱ्या पट्ट्या) काढून सरळ मोकळी जागा करता येते का? काही बॅगांत मधली पट्टी शिवलेलीच असते. मोठ्या लेन्सवाल्यांनी अशी बॅग हातातच घेऊ नये.

५. दुकानात स्वतःचं सामान घेऊन जा

ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत बघून घ्या आणि पॅकिंग फाडू नका. दुकानात जाणार असाल तर खरी लेन्स, खरी बॉडी सोबत न्या. लाज वाटायचं कारण नाही. चपला घेताना पाय सोबत नेतोच ना!

सगळं भरा, पाठीवर घ्या आणि दहा मिनिटं दुकानात फिरा. नंतर खुर्चीखाली बॅग सरकवून बघा. चेन एका हाताने उघडते का, हे बॅग जमिनीवर आडवी असताना बघायचं. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक गर्दीत सुरक्षित असते आणि धुळीत पट्टे वर राहतात. तपासणीच्या टेबलावर मात्र ती पूर्ण आडवी पसरावी लागते. बाजूने उघडणारी चटकन हाती येते, पण तिचा कप्पा लहान असतो. मला पाठीकडची आवडते.

कमरेचा पट्टा निघणारा असावा. विमानात तो काढून आत टाका, नाहीतर एक्स-रेच्या पट्ट्यावर रुळांत अडकतो आणि मागच्या सगळ्या ट्रे थांबतात. रेनकव्हर सोबत शिवलेलं नसेल तर वेगळं घ्या. जुलैत मुंबईत उतरलात तर टॅक्सीपर्यंतचं अंतरही पुरेसं असतं. आणि बाहेर ठळक अक्षरांत कॅमेरा कंपनीचं नाव लिहिलेली बॅग शक्यतो नको. आत दोन-चार लाखांचा माल आहे, ही पाटी पाठीवर कशाला मिरवायची?

६. बॅग हातातून घेतली जाईल, हे धरूनच कप्पे ठरवा

हीच पायरी सगळ्यात जास्त लोक चुकवतात. तुमची बॅग मापात, वजनात, सगळ्यात बसली तरी विमानाच्या दारात ती मागितली जाऊ शकते. एटीआर ७२ च्या वरच्या कप्प्यात फुगीर सॅक जात नाही. मोठ्या विमानातही शेवटी चढणाऱ्याला वर जागा उरत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. कोल्हापूरच्या छोट्या विमानाच्या शिडीपाशी कर्मचाऱ्याने सॅक मागितली. ती पोटात जाणार होती आणि बॅटऱ्या झाकणाच्या खिशात, डब्याविना, मोकळ्या. भर उन्हात गुडघ्यावर बसून मी बॅटऱ्या शोधत होतो, हातात बॉडी, काखेत लेन्स, आणि मागे ताटकळलेली माणसं. चार सापडल्या. चढलो. कोल्हापुरात पोचल्यावर त्याच खिशाच्या अस्तरात पाचवी निघाली. नियम मोडून ती पोटातून आली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

तेव्हापासून माझी बॅग दोन भागांत असते. आतला गादीचा डबा एका हाताने उचलून बाहेर येतो. त्यात बॉडी, महत्त्वाची लेन्स, आणि चेनच्या छोट्या पिशवीत सगळ्या बॅटऱ्या. दारात सॅक मागितली तर डबा काढायचा, खांद्याला अडकवायचा आणि कपडे भरलेली रिकामटेकडी सॅक हसत देऊन टाकायची. अशी बॅग पोटात जाते आणि बहुधा उतरल्यावर शिडीपाशीच परत मिळते.

सराव करा: घड्याळ लावा. डबा बाहेर काढून, झाकून, खांद्यावर घ्यायला तीस सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर मांडणी बदला.

७. बॅटऱ्या आणि पॉवर बँक

जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. पॉवर बँकही यातच मोडते. प्रत्येक बॅटरीची टोकं झाकलेली हवीत: मूळ प्लॅस्टिकची टोपी, वेगळी पिशवी, नाहीतर चिकटपट्टी. किल्ल्या आणि सुट्टे पैसे त्या कप्प्यात नकोत.

मर्यादा वॅट-तासांत मोजतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. निकॉनची ईएन-ईएल१५सी ही ७ व्होल्ट, २२८० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे १६ वॅट-तास. कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅटऱ्या अशाच लहान. वीस हजार मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास होते. १०० वॅट-तासांपर्यंत साधारण अडचण नसते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. व्हिडिओवाल्यांच्या व्ही-माउंट बॅटऱ्या इथेच अडकतात, तेव्हा १५० ची घेण्याऐवजी ९८-९९ ची घ्या. छापील आकडा पुसट झालेली बॅटरी घरी ठेवा. तपासणाऱ्याला वाचता आलं नाही तर तुमचं गणित ऐकायला तो बांधलेला नाही.

पॉवर बँक वरच्या कप्प्यात न टाकता अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा. तापली तर कळायला हवी.

८. भरायचा क्रम

चेक-इनला आधी काढून टाका: ट्रायपॉड, मोनोपॉड, ॲलन की, स्क्रू-ड्रायव्हर, चार्जर, वायरी, आणि रिकामी बीनबॅग (जिप्सीत लेन्स टेकवायची पिशवी). बीनबॅग भरून नेणारे अजून भेटतात! चंद्रपुरात किंवा मोहर्लीच्या दुकानात दोन-तीन किलो तांदूळ घ्या, ती भरा, आणि परतताना तांदूळ रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात देऊन या. ट्रायपॉड केबिनमध्ये सोडायचा की नाही, हे तपासणीवरच्या माणसावर असतं. मी वाद घालत नाही.

मग सॅक. जड लेन्स पाठीला चिकटून, मधोमध. बॉडी तिच्या शेजारी, स्क्रीन आतल्या बाजूला. हलकी लेन्स वर. डब्याच्या आणि सॅकच्या मधे एक टी-शर्ट कोंबा, हालचाल थांबते. सिलिका जेलच्या दोन पुड्या. मेमरी कार्डं बॅगेत नकोत, ती पाकिटात किंवा शर्टच्या चेनच्या खिशात. बॅग हरवली तर विमा मिळेल, फोटो मिळणार नाहीत. प्रत्येक बॉडी आणि लेन्सच्या सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये आणि घरच्यांकडे ठेवा.

काही कंपन्या केबिन बॅगेखेरीज एक छोटी पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी चालवून घेतात, इंडिगोत ती ३ किलोपर्यंत. दुसरी बॉडी तिच्यात घालता येते. पण लॅपटॉप नेणार असाल तर ती जागा आधीच गेली. एकच गोष्ट दोनदा मोजू नका.

तपासा: भरलेली बॅग हूकच्या काट्यावर लटकवा. ६.८ च्या खाली? मग चेन लावा.

९. विमानतळावर

काउंटरवर बॅग पाठीवरच ठेवा, जमिनीवर ठेवली की नजर जाते. विचारलं तर मात्र मुकाट्याने काट्यावर ठेवायची.

सुरक्षेच्या रांगेत उभं असतानाच चेन अर्ध्या उघडून ठेवा. आपल्याकडे बहुतेक विमानतळांवर कॅमेरा, लॅपटॉप, पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये काढायला सांगतात. मोठ्या लेन्सचा काचेचा गठ्ठा एक्स-रेत गडद दिसतो, म्हणून विचारायच्या आधीच ती बाहेर काढा. दोनदा बॅग फिरवण्यापेक्षा ते बरं. आणि ट्रे लगेच ढकलू नका. दारातून जायची आपली पाळी जवळ आली की मगच सोडा. नाहीतर तुम्ही अलीकडे झडतीच्या रांगेत आणि कॅमेरा पलीकडे एकटा. महिलांच्या तपासणीला पडद्याआड वेळ लागतो, त्यांनी तर सोबतच्याला आधी पलीकडे पाठवावं.

पलीकडे गेल्यावर तिथेच उभं राहून भरू नका. ट्रे उचला, बाजूच्या बाकावर बसा, मोजा: दोन बॉडी, दोन लेन्स, बॅटऱ्यांची पिशवी, फोन.

परदेशी निघाला असाल तर आणखी एक काम. महागडं सामान नेताना जायच्या वेळी कस्टम्सच्या काउंटरवरून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यात सीरियल नंबर लिहितात आणि परत येताना ‘हे तिकडून विकत घेतलं का’ हा वाद होत नाही. त्यासाठी सामान केबिनमध्ये हाताशी आणि बिलं फोनमध्ये हवीत, वेळही जादा धरा. चित्रीकरणासाठी मोठं युनिट नेणाऱ्यांनी एटीए कार्नेची (सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायच्या कागदपत्राची) चौकशी फिक्की या उद्योग संघटनेकडे करावी.

१०. परतीचं वजन

जाताना ६.८ होती ती येताना ७.६ कशी होते, हे कोडं नाही. ओला टॉवेल, जंगलातली धूळ, दुर्बिणीचा डबा, आणि नागपूर विमानतळाच्या वाटेवर घेतलेली संत्रा बर्फी. निघायच्या रात्री बॅग पूर्ण रिकामी करा, बाहेर नेऊन झटका, कप्प्यांच्या शिवणी ब्रशने साफ करा. उन्हाळ्यातली ताडोब्याची लाल माती चेनच्या दातांत बसली की पुढच्या खेपेला चेन अडते. मग पुन्हा आठव्या पायरीच्याच क्रमाने भरा आणि पुन्हा तोला. हूकचा काटा म्हणूनच सोबत न्यायचा.

बर्फी चेक-इनला.